कॅनोपीवरचा अंगठा

वरच्या मजल्यावरचा पोरगा संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात वीतभर लांबीचं, प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेलं मिग-21 लढाऊ विमान होतं. विमान जवळजवळ पूर्ण झालेलं. पंख सरळ, शेपूट सरळ, तिन्ही चाकं जमिनीला टेकणारी. पहिल्याच कामात एवढं जमणं सोपं नसतं. पण त्याचं लक्ष त्यातल्या कशाकडेच नव्हतं. शर्टाचं टोक बोटावर गुंडाळून तो कॅनोपी पुसत होता. "काका, हे निघंना की. कवापासनं पुसायलोय." वैमानिकाच्या डोक्यावरची ती इवलीशी काच पांढुरकी झाली होती. मी ती दिव्याखाली धरली. धूळ नव्हती, ओलही नव्हती. त्या पांढरेपणात बारीक रेघा होत्या, एकीत एक शिरलेल्या, वळसे घेत मध्याकडे जाणाऱ्या. पोराच्या अंगठ्याचा ठसा होता तो, पोलिसांनी घ्यावा इतका स्वच्छ.

रात्री जेवताना त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिला. विमान खराब झाल्याचं वाईट वाटणं मी समजू शकतो. पण त्याची खात्रीच पटलेली होती की आपला हात घाण होता, आपण धसमुसळेपणा केला, आपल्याला हे जमायचं नाही. त्याच्या आईनंही तेच ऐकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची काडीचीही चूक नव्हती. दुकानात जाऊन त्यानं रीतसर विचारलं होतं, प्लास्टिकला काय लागतं म्हणून. दुकानदारानं काउंटरवर लटकवलेल्या माळेतली झटपट चिकटणारी एक छोटी ट्यूब तोडून दिली. चपलेला तीच, बादलीच्या कडीला तीच, चष्म्याच्या काडीला तीच, आणि विमानालाही तीच.

त्या ट्यूबमध्ये असतं ते सायनोअ‍ॅक्रिलेट. हवेतल्या, कातडीवरच्या, कुठल्याही पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा कण मिळाला की ते घट्ट होतं. त्यामुळेच ते आधी बोटांना चिकटतं आणि मग वस्तूला. पण सुकता सुकता त्याची वाफ निघते, ती आसपास बसते, आणि जिथं बोटाचा घाम लागलेला असतो तिथं सगळ्यात आधी बसते. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तूंवरचे ठसे उठवायला याच वाफेचा उपयोग करतात. पोराच्या टेबलावर नेमकं तेच घडलं होतं. आणखी गंमत पुढं आहे. अमेरिकेत कोडॅकचे हॅरी कूव्हर यांना हे रसायन 1942 साली पहिल्यांदा सापडलं, पण ते प्रत्येक गोष्टीला चिकटतं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. 1951 मध्ये ते पुन्हा हाताशी आलं तेव्हा काम चाललं होतं जेट विमानांच्या कॅनोपीसाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधण्याचं. 1958 मध्ये ते बाजारात आलं. कॅनोपीच्या शोधातून निघालेला हा गोंद कॅनोपीचाच वैरी निघावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मी हे सगळं पोराला सांगितलं. त्यानं अर्धं ऐकलं. "म्हंजे माझा हात घाण नव्हता?" एवढंच त्यानं विचारलं.

नव्हता.

आमचं लातूर म्हणजे घाईचं गाव. पहाटेपासून ट्यूशन एरियात सायकली आणि स्कूटी, पाठीवर दप्तरं, खोल्यांच्या भिंतींवर सूत्रांचे कागद. बीड, परभणी, हिंगोलीहून पोरं येऊन राहतात, आणि ती कशी अभ्यास करतात ते मी रोज बघतो; त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या गावात एखादं आठवीतलं पोरगं दोन तास टेबलाशी बसून प्लास्टिकचे तुकडे जोडत असेल तर घरचे अस्वस्थ होतात. "भाऊ, तेवढ्या वेळात एक धडा झाला असता याचा," असं त्याची आई, म्हणजे वहिनी, मला जिन्यात म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, त्या बातम्या बघून पोरानं हट्ट धरला आणि वडिलांनी ऑनलाइन किट मागवून दिलं. खोक्यात भाग होते, नकाशा होता, चिकटवायचे आकडे होते. चिकटवायला लागतं ते नव्हतं. बहुतेक खोक्यांत ते नसतंच, आणि कुठलं आणायचं हे सांगणारं इथं कुणी नाही. मुंबई-पुण्यात अशी दुकानं आहेत, तिथं मागं उभा असलेला गिऱ्हाईकही तुम्हाला दोन गोष्टी सांगून जातो. उदगीरच्या किंवा गंगाखेडच्या पोराला ते कुठून मिळणार?

मला मात्र चिकटवण्याची शाळा लहानपणीच मिळाली, तीही उमरग्याला मामांच्या सायकल दुकानात. सुट्टीत मी तिथं पाण्याची घमेली भरायला असायचो. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधायचा, तिथं खडूनं खूण करायची, पुसून कोरडी करायची, कानशीनं ती जागा खरवडायची. मग सोल्युशन. मामा ते बोटानं इतकं पातळ पसरायचे की खालचा रबराचा काळा रंग दिसत राहायचा. आणि मग थांबायचे. गिऱ्हाईक घाई करायचं, "मामा, लावा की ठिगळ!" मामा ट्यूबवर हळूच फुंकर घालायचे, बोटाच्या मागच्या बाजूनं टेकवून बघायचे. बोटाला काही आलं नाही की मगच ठिगळ बसायचं, आणि त्यावर हातोडीचा मागचा भाग दोन-चार वेळा. ओलं असताना लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं, हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितलं नाही. ते थांबलेले मी बघितले, तेवढं पुरलं.

घरात वेगळा मामला. पाकिटाला भाताची शितं, वहीच्या कव्हराला कणकेची खळ. बांधावरच्या बाभळीचा डिंक आम्ही पोरं काढून आणायचो, मधाच्या रंगाचे खडे, त्यात सालीचा चुरा अडकलेला, आणि रात्रभर पाण्यात भिजवून तो शाईच्या जुन्या दौतीत भरायचो. कागदाला ते सगळं चालतं, कारण कागदाच्या धाग्यांत ओला डिंक शिरतो आणि वाळून तिथंच धरून बसतो. प्लास्टिकला असे धागे नसतात. त्याच्या गुळगुळीत अंगावर डिंक नुसता बसतो आणि वाळला की पापुद्रा होऊन निघून येतो. गुळगुळीत प्लास्टिकला धरायचं कसं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी गणपतीत बघितलेलं आहे. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी यायच्या आधी गल्लोगल्ली मखरं व्हायची. एखादा नवखा कार्यकर्ता खांबाला महिरप चिकटवायला रबराचा डिंक घ्यायचा, नाहीतर रंगाचा हात धुवायला आणलेलं थिनर सांडायचा, आणि बघता बघता थर्माकोलला खड्डा पडायचा. चर्र असा बारीक आवाज, उग्र वास, आणि कोपऱ्यात चिकट पांढरा लगदा. म्हणून मखरवाले जुने लोक थर्माकोलला पांढरा फेविकॉल सोडून दुसरं काही लावू देत नसत. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. विमानांची, रणगाड्यांची किट ज्याची असतात तेही पॉलिस्टायरिनच, फक्त भरीव. मखराचा जो नाश होता तोच किटचा जोड आहे. द्रावक लागलं की प्लास्टिकचा वरचा पातळ थर मऊ होतो, दोन्ही तुकड्यांवरचे मऊ थर एकमेकांत मिसळतात, त्यांच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या गुंततात, मग द्रावक उडून जातं आणि मागं एकच तुकडा राहतो. तिथं मधे डिंकाचा थर नसतोच. पुढं कधी जोर पडून तुटलं तर बहुतेक वेळा शेजारून तुटतं, जोडातून नाही.

किटसाठीचं सिमेंट म्हणतात ते हेच. माझ्या हाताला बसलेलं म्हणजे हिरव्या झाकणाचं टॅमियाचं एक्स्ट्रा थिन, 40 मिलीची चौकोनी काचेची बाटली, झाकणालाच आतून बारीक ब्रश. पाण्याइतकं पातळ. त्याशिवाय जरा दाट सिमेंटं असतात, आणि रेव्हेलचं कॉन्टाक्टा, ज्याला पोलादी सुईची नळी असते. पूर्वी ही बाटली मिळवणं म्हणजे पुण्याला जाणाऱ्या कुणाची तरी वाट बघणं होतं, म्हणून एकदा मी गंजगोलाईत शोधायला निघालो. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. स्टेशनरी, हार्डवेअर, रंगाचं दुकान, सगळीकडे तोच प्रश्न विचारला आणि सगळीकडे तीच माळेतली ट्यूब पुढं आली. शेवटी एका बोळात अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणारा कारागीर भेटला. तो दोन पत्रे काटकोनात उभे करून, डॉक्टरांची असते तसली इंजेक्शनची सिरिंज हातात धरून बसला होता. सुईचं टोक त्यानं कोपऱ्यातल्या फटीला एका जागी टेकवलं, अंगठा अगदी हलका दाबला, आणि ते पाण्यासारखं द्रव सरीत पाणी सोडावं तसं फटीतून आपणहून पुढं सरकत दुसऱ्या टोकाला गेलं. जिथं जिथं ते पोचलं तिथली पांढुरकी फट नाहीशी होऊन आरपार काच दिसायला लागली.

"तुम्ही ढकललं नाही ते," मी म्हणालो.

"ढकलायचं नसतंय. फट बारीक ठिवायची, मग ते सोताच जातंय."

केशाकर्षणाचं याहून सोपं स्पष्टीकरण मी ऐकलेलं नाही. पातळ सिमेंट वापरायची सगळी कला त्या वाक्यात आहे. आधी भाग कोरडेच जुळवून बघायचे. स्प्रूवरून, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, तोडताना राहिलेलं बोंडूक ब्लेडनं साफ करायचं, जोडाच्या कडेवर रंग किंवा चकाकी असेल तर खरवडून काढायची, कारण रंगाच्या पापुद्र्यापलीकडे द्रावक पोचत नाही आणि मग प्लास्टिकऐवजी रंगच रंगाला चिकटून बसतो. दोन अर्धुकं एकमेकांना टेकवून धरायची, फट केसाइतकी, आणि ब्रशचं टोक बाटलीच्या काठावर निथळून फटीला एका ठिकाणी लावायचं. बस्स. ओली रेघ धावत जाते. मग अर्धुकं हलकेच दाबली की फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची एक बारीक वरंबी वर येते. नवशिक्याला ती दिसली की तो घाबरून पुसायला जातो, आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. पुसायचं नाही. ती वरंबी आली म्हणजे जोड आतपर्यंत भरला. तिला वाळू द्यायचं, निदान 24 तास, जास्त मिळाले तर उत्तम, मग धारदार ब्लेडनं खरवडून पॉलिश पेपर मारायचा. लवकर घासलं तर त्या दिवशी जागा सपाट दिसते आणि आतलं द्रावक पुढं सावकाश उडून गेलं की तिथं बारीक खोलगट रेघ उमटते, रंगाखालूनसुद्धा दिसणारी. रबरबँड, मास्किंग टेप, कपडे वाळत घालायचे चिमटे, एवढ्यावर धरून ठेवायचं काम भागतं. फक्त टेप फटीवर आडवी येऊ द्यायची नाही, नाहीतर सिमेंट तिच्याखालून धावत जाऊन नको तिथं डाग पाडतं.

पाटीवाल्या कारागिराकडचं द्रव मी घेतलं नाही, आणि पोरांनी तर घेऊच नये. तिथं क्लोरोफॉर्म किंवा एमडीसी म्हणजे डायक्लोरोमिथेन असतं. पॉलिस्टायरिन त्यानं जुळतं, फार छान जुळतं, आणि स्वस्तही पडतं. पण दोन्ही यकृतावर परिणाम करणारी द्रव्यं, आणि एमडीसी जेमतेम 40 अंशांना उकळतं. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी पारा त्याच्या आसपासच असतो. म्हणजे झाकण उघडलं की वाफ नाकात, आणि ब्रश फटीपाशी न्यायच्या आत निम्मं उडालेलं. तो माणूस उघड्या बोळात बसून काम करतो. बंद खोलीत, पंखाही बंद करून, नाक किटला लावून बसणाऱ्या पोराचं तसं नसतं. सिमेंट कुठलंही असो, खिडकी उघडी हवी, हे मी दर वेळी सांगतो आणि सांगत राहणार.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा आणि गोंदाचा संबंध एवढ्यावर संपत नाही. एक्स्ट्रा थिनमध्ये मुख्यतः अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट असतात. पहिलं 56 अंशांना उकळतं, दुसरं 126 ला. म्हणून फटीत शिरल्याबरोबर अ‍ॅसिटोन झटकन आपलं काम करून निघून जातं आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट मागं रेंगाळत थर ओला ठेवतं. थंडीत हा मेळ सुरेख जमतो. एप्रिलमध्ये, बाहेर झळा मारत असताना, विमानाच्या पोटासारख्या लांब जोडाचं एक टोक लावून दुसऱ्या टोकाला जावं तर पहिलं कोरडं होऊन बसलेलं असतं. अशा वेळी मी दाट सिमेंट आधी दोन्ही कडांना लावतो, जोडतो, आणि मग वरून पातळाची एक रेघ फिरवतो. शक्यतो लांब जोडाचं काम पहाटेच उरकतो. सायनोअ‍ॅक्रिलेटचं अगदी उलटं. त्याला ओलावा लागतो, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते रेंगाळतं आणि पावसाळ्यात टच्चकन धरतं. पोराची ती ट्यूब उन्हाळ्यात "खराब निघाली" म्हणून लोक फेकून देतात, ती खराब नसते.

संत्र्याच्या सालीतून निघणाऱ्या लिमोनीनचंही सिमेंट मिळतं. वास उग्र नाही, सावकाश वाळतं, घरात म्हातारी माणसं किंवा लहान बाळ असेल तर मी तेच सुचवतो. हे पोराला खरं वाटेना. आमच्याकडे जालन्याकडची मोसंबी आलेली होती. तिची साल थर्माकोलच्या पॅकिंगच्या तुकड्यावर घडी घालून पिळली. तुषार बसले तिथं क्षणभर काहीच झालं नाही, मग टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं पडली आणि पसरत गेली. तो खाली वाकून बघत राहिला. मग त्यानं उरलेल्या सगळ्या साली संपवल्या. खोलीभर मोसंबीचा वास, आणि वहिनी दारात, "आता हे काय नवीन?" त्याच दिवशी त्यानं घरातल्या डब्यांखालचे त्रिकोणातले आकडे वाचायला सुरुवात केली. 6 म्हणजे पॉलिस्टायरिन, सिमेंट धरणार. 5 आणि 2 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन, त्यांच्यावर सिमेंट ओता, काही होत नाही. जुन्या सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरिनच्या असतात, सराव करायला त्यांच्यासारखं काही नाही. आधी वस्तूला विचारायचं की तू कशाची आहेस, मग गोंद निवडायचा. माझं एवढंच सांगणं आहे, आणि दुकानातल्या माळेसमोर उभं राहिल्यावर नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

कॅनोपीचं काय केलं ते सांगतो. तिला अ‍ॅसिटोन लावायचा विचार वहिनींच्या डोक्यात आला होता, नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन त्या खालीही आल्या होत्या. लावलं असतं तर काचच वितळली असती. आम्ही विमान पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, मटाराच्या पाकिटाशेजारी. सायनोअ‍ॅक्रिलेटचा जोड गारठ्यात ठिसूळ होतो. दुसऱ्या दिवशी कॅनोपीच्या कडेला नखानं हलका दाब दिला तसा "कट्" असा आवाज आला आणि ती सुटली. द्रावकानं जुळलेला जोड असा सोडवता येत नाही, तो कापावाच लागतो. मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आतून-बाहेरून हलक्या हातानं फिरवला. काच आणखी पांढरी झाली आणि पोराचा जीव खालीवर. त्यानंतर गाड्यांचं रबिंग कंपाउंड, जुन्या बनियनचा तुकडा बोटावर घेऊन. पहिल्यांदा काहीच फरक दिसेना. मग एका कोपऱ्यातून आतल्या खुर्चीची काळी रेघ दिसली, मग वैमानिकाचं हेल्मेट. अंगठा गेला. काच नव्यासारखी झाली नाही, तिरप्या उजेडात बारीक ओरखडे दिसतात, पण पोराला ते चालले. पुन्हा बसवायला पांढरा फेविकॉल, दातकोरणीच्या टोकावर घेऊन. त्याची वाफ काचेवर बसत नाही, सुकल्यावर तो पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या फडक्यानं निघतो. कॅनोपीला जोर कुठं लागायचा असतो! तिला ताकदीपेक्षा स्वच्छता हवी.

माझ्या स्वतःच्या टेबलावर सध्या 35 पट छोटा शर्मन रणगाडा आहे. त्याचं कारण आजोबा. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गच्या बाजूनं निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, आणि रणगाडे सकाळी जळकोटला, दुपारी उमरग्याला पोचले. आजोबांचं शेत त्याच रस्त्याला लागून. ते सांगायचे, आधी आवाज आला नाही, आधी पायाखालची जमीन हलली, विहिरीतल्या पाण्यावर गोल उठले. मग धूळ. धुळीतून एक लोखंडी तोंड बाहेर आलं आणि बैलं दावं तोडून पळाली. ही गोष्ट ते हसत सांगायचे. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांत काय काय झालं, कोण घर सोडून गेलं, ते मात्र विचारलं तरी सांगत नसत. उठून गोठ्यात जात. मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत झेंडा वर जाताना माझ्या मनात त्यांचं हसणंही असतं आणि ते उठून जाणंही. तो रणगाडा नेमका कुठल्या जातीचा होता हे त्यांना कुठून ठाऊक असणार. त्या काळी आपल्या सैन्याकडे शर्मन होते, म्हणून मी शर्मन घेतला.

गोंदाच्या दृष्टीनं रणगाडा हे मोठं नाजूक प्रकरण. चिलखताचे पत्रे, बुरूज, चाकं हे सगळं पॉलिस्टायरिन, सिमेंटचं काम. जाळीचे पितळी पत्रे मात्र धातूचे. तिथं सिमेंटचा काही उपयोग नाही, तिथं ती माळेतली ट्यूबच हवी, टाचणीच्या टोकानं थेंबाचाही अंश घेऊन. ओढायचे हूक, ज्यांना खरंच ताण बसेल, त्यांना दोन ट्यूबांचं अ‍ॅरल्डाइट. आणि ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे पट्टे. माझं किट जुन्या पद्धतीचं आहे, त्याचे ट्रॅक मऊ व्हिनाइलचे, लांब पट्टी. व्हिनाइलला साधं सिमेंट धरत नाही. शिवाय व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं सावकाश बाहेर येत राहतं आणि टेकलेल्या पॉलिस्टायरिनला खातं. जुन्या किटच्या चाकांना ट्रॅकच्या खुणा पडून ती चिकट झालेली मी बघितली आहेत. म्हणून चाकांना आधी रंगाचा थर, मगच ट्रॅक. पट्टीची दोन टोकं जोडायला नकाशात सांगितलेली जुनी रीत आहे: एका टोकाच्या खुंट्या दुसऱ्याच्या भोकांतून काढायच्या आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक तापवून त्यांची डोकी वितळवून चपटी करायची. गोंदच नाही.

पोराला ही रीत पसंत नाही. तो आता रविवारी खाली येतो, वहिनींनी त्याला दुपारचे दोन तास दिले आहेत, चाचणीत मार्क कमी आले तर ते बंद होतील या बोलीवर. त्याचं म्हणणं, काळ्या दोऱ्यानं ट्रॅक शिवून टाकायचे आणि शिवण वरच्या पत्र्याखाली लपवायची. तापलेलं लोखंड जास्त वेळ टेकलं तर खुंटीच जळून जाईल, मग काय करणार, असा त्याचा सवाल. माझं म्हणणं, दोऱ्याला ताण बसला की तो मऊ व्हिनाइल चिरत जातो. "मग सुई बारीक घेऊ की," तो म्हणतो. एका जुन्या किटचा उरलेला ट्रॅक माझ्या डब्यात पडून आहे. त्याचे दोन तुकडे करून एक शिवायचा आणि एक वितळवायचा, दोन्हीला सारखी वजनं लटकवून महिनाभर खिडकीत उन्हात ठेवायचे, असं ठरलंय. वजनाला किराणा दुकानातून जुनी मापं आणायचं काम त्याच्याकडे आहे.